गुत्ता कुणाच्या मालकीचा?

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने मे २०१५ मध्ये 'द विचर ३' हा रोलप्लेइंग गेम बाजारात आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला 'हार्ट्स ऑफ स्टोन' ही जोडकथा लावली. या जोडकथेतला खलनायक म्हणजे गॉन्टर ओडिम. गेम खेळणाऱ्या मंडळींना विचारा, आजवरच्या सगळ्यात थंड डोक्याच्या खलनायकांत ते याचे नाव घेतील. त्याच्याकडे सैन्य नाही, किल्ला नाही, अंगावर चिलखत नाही. डोक्यावर केस नाहीत, कपडे साधेच, खांद्याला झोळी. एकेकाळी आरशांचा व्यापार करायचो, असे तो स्वतःबद्दल सांगतो. हत्यार एकच : करार. समोरच्याची नड ओळखायची, मागेल ते द्यायचे, आणि वसुलीच्या दिवशी शब्दांचा असा अर्थ लावायचा की देणेकऱ्याच्या हातात धुपाटणेही राहू नये.

पात्र उत्तम रंगवले आहे, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद त्याच्या मागे लपवलेल्या माणसाबद्दल आहे. या कथेत व्यापारी एवढा काळाकुट्ट आहे की त्याच्या शेजारी उभा असलेला जमीनदार आपोआप उजळ दिसतो. हे एका गेमपुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण ज्या भूमीतून ही कथा आली, त्या भूमीत व्यापाऱ्याला पुढे करून जमीनदाराला वाचवण्याचा उद्योग कित्येक शतके चालला आणि त्यात खरी माणसे मेली.

'गेमसारख्या गोष्टीवर एवढा खल कशाला?' असे विचारणारे मित्र आहेतच. त्यांना एकच आकडा सांगतो. 'द विचर ३'च्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीनेच २०२३ साली जाहीर केले. पोलंडचा इतिहास वाचलेले किती आणि हा गेम खेळलेले किती, याचा हिशेब तुम्हीच करा. स्लाव्ह खेडे कसे होते, तिथे वाईट कोण होते आणि कीव कुणाची करायची, हे आज जगभरातली तरुण मुले अशा गेममधून शिकत आहेत.

आता कथा थोडक्यात. ओलगिएर्द फॉन एव्हेरेक हा एका जुन्या उमराव घराण्यातला मुलगा. घराणे कर्जात बुडते, चीजवस्तू लिलावात जातात. आयरिस नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरलेले असते, पण घर बुडाल्यावर तिचा बाप शब्द फिरवतो आणि तिला परदेशी राजपुत्राला द्यायचे ठरवतो. ओलगिएर्द ओडिमकडे जातो. त्याला वैभव परत हवे आहे, आणि उद्याची फिकीर नसल्यासारखे जगायचे आहे. ओडिम किंमत सांगतो : जवळच्या एका माणसाचा जीव. बायको की भाऊ? ओलगिएर्द सख्ख्या भावाचा, व्लोदिमिरचा, बळी देतो. मागितलेले मिळते, पण उद्याची फिकीर नसणे म्हणजे काळीज दगडाचे होणे, हे नंतर कळते. आयरिस ओसाड वाड्यात एकटी झिजून मरते. आत्म्याची वसुली कधी? ओलगिएर्दच्या तीन इच्छा पूर्ण झाल्यावर, दोघे 'चंद्रावर' उभे असताना. ओलगिएर्दला वाटते की असा दिवस येणारच नाही. ओडिम त्याला एका देवळात गाठतो. तिथल्या फरशीवर चंद्राचे चित्र असते. मधल्या कामांसाठी तो राक्षस मारणाऱ्या गेराल्टला, म्हणजे खेळाडूला, उपकाराच्या ओझ्याखाली दाबून राबवून घेतो.

पोलिश वाचकाला ही कथा ओळखीची वाटते, कारण ती पान त्वार्दोव्स्कीच्या लोककथेवर बेतलेली आहे. त्वार्दोव्स्की हाही उमराव. तो सैतानाला आत्मा विकतो, पण अट घालतो की आत्मा न्यायचा तर रोममध्येच. मग रोमला जायचेच नाही, हा त्याचा डाव. सैतान त्याला एका खानावळीत गाठतो आणि त्या खानावळीचे नाव 'रोम' असते.

इथे एक फरक टिपून ठेवा. लोककथेतला सैतान हा सैतानच आहे, त्याला व्यापाराचा पेशा नाही. पोलिश परंपरेत तो पुष्कळदा जर्मन पोशाखात येतो, म्हणजे शेजारचा परका माणूस म्हणून. त्याला आरशांचा व्यापारी केले ते गेम लिहिणाऱ्यांनी. निवड त्यांची आहे, म्हणून प्रश्नही त्यांनाच.

आणि दुसरे म्हणजे गुन्ह्यांची यादी काढून बघा. भावाचा बळी कुणी दिला? ओलगिएर्दने. परदेशी राजपुत्राला शाप देऊन बेडूक कुणी केले? ओलगिएर्दने, आणि त्या राक्षसी बेडकाने पुढे शहराच्या गटारात माणसे मारली. बायकोला एकटे सोडून कोण गेला? दारू पिऊन, टोळी घेऊन मुलखात धुमाकूळ कोण घालतो? गेराल्ट त्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा ही टोळी दुसऱ्याच्या वाड्यात घुसून मेजवानी झोडत असते आणि वाडा पेटतो. यातले ओडिमने काय केले? त्याने देऊ केले आणि याने घेतले. तरीही कथेच्या शेवटी खेळाडूपुढे प्रश्न येतो तो असा : ओलगिएर्दचा आत्मा वाचवायचा का? वाचवला तर तो पश्चात्ताप करतो, आपली तलवार गेराल्टला देतो आणि नवे आयुष्य सुरू करायला निघतो. गटारात मेलेल्यांचा हिशेब त्याच्याकडे कुणी मागत नाही. उमरावाच्या वाट्याला शोकांतिका आणि व्यापाऱ्याच्या वाट्याला नरक, अशी ही वाटणी आहे.

(याच गेममध्ये बायकोला मारहाण करणारा एक 'बॅरन'ही आहे. तोही खेळाडूंचा लाडका. त्याच्यावर डोळे पाणावून लिहिलेले लेख ढिगाने सापडतील. ही सवय फक्त जोडकथेची नव्हे.)

आता ओलगिएर्दच्या पोशाखाकडे या. वक्र तलवार, लांब अंगरखा, कंबरेला पट्टा, डोक्याचा कडेचा भाग तासलेला. हा काल्पनिक पोशाख नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या पोलिश उमरावांचा, म्हणजे श्लाख्ता वर्गाचा हा वेष आहे. हा वर्ग लोकसंख्येच्या ८-१० टक्के. त्यांचा स्वतःबद्दलचा सिद्धांत ऐकण्यासारखा आहे. आपण पुराणकाळातल्या सार्मातियन योद्ध्यांचे वंशज आहोत, शेतकरी वेगळ्या रक्ताचे आहेत, असे ते मानत. बायबलमधल्या नोआला तीन मुलगे. त्यातल्या याफेथचे वंशज उमराव आणि शापित हामचे वंशज शेतकरी, असेही सांगितले जाई. या हामला पोलिशमध्ये 'खाम' म्हणतात आणि आजही पोलंडमध्ये असंस्कृत, गावंढळ माणसाला 'खाम' हीच शिवी देतात. जन्मावरून उच्चनीच ठरवायचे, त्याला धर्मग्रंथाचा आधार जोडायचा, आणि खालच्याचे नाव हीच शिवी करायची. आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

या सिद्धांतावर कायदा उभा होता. १४९६ च्या प्योत्रकूव्हच्या कायद्यांनी शेतकऱ्याच्या गाव सोडण्यावर बंधने आणली आणि त्याच कायद्यांनी शहरी माणसाला शेतजमीन घेण्यास मनाई केली. १५२० साली आठवड्याला किमान एक दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबणे सक्तीचे झाले. अठराव्या शतकापर्यंत ही वेठ कित्येक ठिकाणी आठवड्याला तीन-चार दिवसांवर आणि त्याहूनही वर गेली. आपल्या भूदासाला मृत्युदंड देण्याचा जमीनदाराचा अधिकार गेला तो १७६८ साली. वेठ संपली तीही पोलिश उमरावांच्या मनाच्या मोठेपणाने नव्हे. देशाचे तुकडे करून राज्य करणाऱ्यांनी आपापल्या भागात, प्रशियाने १८०७ पासून टप्प्याटप्प्याने, ऑस्ट्रियाने १८४८ मध्ये आणि रशियाने १८६४ मध्ये ती संपवली.

या माणसाने कोणता करार केला होता? कोणत्या कागदावर सही केली होती? ओडिमची कथा ज्याला भयानक वाटते, त्याने हे ध्यानात घ्यावे की करार करायलाही माणूस मोकळा असावा लागतो. ओलगिएर्दकडे 'हो' म्हणण्याचा आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क होता. वेठीवर जन्मलेल्या पोराला कुणी व्यापाऱ्याने आरसा दाखवला नाही की इच्छा विचारली नाही. त्याचा आत्मा आणि अंग दोन्ही जन्माच्या आधीच वाड्याच्या वहीत मांडलेले होते. करारातल्या फसवणुकीपेक्षा मोठा अन्याय तो, ज्यात करारच लागत नाही. पण त्याला चेहरा नाही, तो गोष्टीत मावत नाही, म्हणून गोष्ट सांगणारा झोळीवाला माणूस उभा करतो.

आता इथे पहिला आक्षेप येईल. 'व्यापारी आणि सावकार शोषण करत नव्हते काय?' करत होते. प्रश्न असा आहे की व्यापारी कुणाच्या जोरावर ते करत होता. पोलिश खेड्यातल्या खानावळीचे उदाहरण घेऊ, कारण फँटसी मोहिमेतली निम्मी कथानके खानावळीतच सुरू होतात. गेराल्टलाही ओडिम पहिल्यांदा भेटतो तो खानावळीतच.

पोलंडमध्ये दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता जमीनदाराकडे असे. त्याला प्रोपिनात्स्या म्हणत. शेतकऱ्याने प्यायची तर आपल्याच मालकाच्या खानावळीत, कित्येक ठिकाणी ठरावीक प्रमाणात दारू विकत घेण्याची सक्तीसुद्धा. धान्य शेतकऱ्याच्या वेठीतून पिकलेले, दारू त्याच धान्याची, आणि तीच त्याला विकायची. पण उमराव स्वतः गल्ल्यावर बसत नसे. ते त्याच्या कुळाला शोभणारे नव्हते. तो खानावळ मक्त्याने देई, आणि हा मक्ता घेणारे बहुतांशी ज्यू असत, कारण त्यांना जमीन धरण्याची मोकळीक नव्हती आणि उपजीविकेचे मार्ग मोजकेच होते. या मक्त्याला आरेन्दा म्हणत. आपल्याकडे दारूच्या दुकानाला 'गुत्ता' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थही मक्ता, ठेका असाच आहे. म्हणजे गुत्ता म्हटले की मागे मक्ता देणारा कुणीतरी असतोच. पण शेतकऱ्याला दिसत असे तो उधारीची वही घेऊन बसलेला ज्यू खानावळवाला. शिव्या त्याला. नफ्याचा मोठा वाटा वाड्यावर.

या खानावळवाल्याची काय अवस्था होती, हे सालोमोन मायमोन या तत्त्वज्ञाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याचे आजोबा लिथुएनियाच्या भागात राद्झिविल या बलाढ्य सरदार घराण्याच्या जमिनीवर मक्तेदार होते. तिथे एक मोडका पूल होता. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, पण ती कधी होत नसे. एखादा उमराव लवाजम्यासह जाताना घोडा किंवा गाडी चिखलात गेली की मक्तेदाराला धरून आणायचे आणि त्या पुलाशेजारी आडवा पाडून चाबकाने फोडायचे. आजोबांनी यावर उपाय काय काढला? पूल दुरुस्त करणे त्यांच्या डोक्यात येत नव्हते, मालक करत नव्हता. त्यांनी पुलावर एक पहारेकरी बसवला. उमराव येताना दिसला की तो धावत येई आणि सारे घर पळून रानात लपे. रात्र रात्र तिथे काढावी लागे. हा तुमचा कपटी व्यापारी. गावासाठी तो सावकार आणि वाड्यासाठी पुलाशेजारचे कातडे.

आणि राग फुटला की कुणावर फुटला? १६४८ साली युक्रेनमध्ये बोहदान ख्मेलनित्स्कीच्या नेतृत्वाखाली पोलिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. कोसॅक आणि शेतकऱ्यांनी जमीनदारांना मारले, आणि त्यांचे मक्तेदार म्हणून हजारो ज्यूंना बायकामुलांसकट मारले. ज्याच्या नावाने वसुली होत होती त्याच्यापाशी घोडे होते, किल्ले होते. वसुली करणाऱ्याच्या घराला फक्त दार होते. १८८१-८२ मध्ये रशियन साम्राज्याच्या दक्षिण भागात दंगलींची लाट आली तेव्हाही ज्यूंची दुकाने आणि खानावळी फोडल्या गेल्या. आज कित्येक पोलिश घरांत पैसे मोजणाऱ्या ज्यूचे छोटे चित्र लावतात. त्याने म्हणे घरात लक्ष्मी येते. (लक्ष्मी हा शब्द माझा, भावना त्यांची.) ज्यू जवळपास उरले नाहीत, चित्र उरले.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की ओडिम ज्यू म्हणून रंगवलेला नाही. लांब नाक, दाढी, वेगळी बोली, असले काही त्याच्यात नाही. गेम बनवणाऱ्यांनी हा खड्डा टाळला. इतकेच नव्हे, तर आंद्झेय साप्कोव्स्की यांच्या ज्या पुस्तकांवर हे गेम बेतले आहेत, त्यांत बुटक्यांच्या आणि एल्फांच्या वस्त्यांवर होणारे हल्ले वाचताना ज्यूविरोधी दंगली आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि लेखकाची सहानुभूती हल्लेखोरांकडे नाही. त्यातले बुटके पेढीवाले भले आहेत. म्हणून मी गेमवर ज्यूद्वेषाचा आरोप करत नाही. माझा आरोप वेगळा आहे. चेहरा बदलला, पण खुर्ची तीच ठेवली. वाईटाच्या खुर्चीवर अजूनही हिशेब ठेवणारा बसतो आणि जमीन धरणारा समोर बसून अश्रू ढाळतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. सारा वाढवणारे सरकार लांब होते, सावकार पेठेत होता. जोतीराव फुल्यांचे मोठेपण असे की त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना सावकारापाशी थांबण्याची सोय स्वतःला दिली नाही. भट, कुळकर्णी, सरकारी कामगार, कचेरी, सगळ्यांना एकाच ओळीत उभे केले. पुढे सत्यशोधकांच्या तोंडी 'शेटजी-भटजी' हा जोडशब्द रुळला. यातला शेटजी तेवढा ठेवून भटजी गाळणारी गोष्ट आपल्या सिनेमांनी शेकड्यांनी सांगितली आहे. म्हणूनच पोलंडची ही गोष्ट बघताना मला पहिल्याच फेरीत वाटले की इथे एक शब्द गाळलेला आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असेल. 'ओडिम व्यापारी नाहीच. तो काळापलीकडची दुष्ट शक्ती आहे. व्यापारी हे त्याचे सोंग आहे.' मान्य. तो खानावळीत काळ थांबवतो, मध्ये बोलणाऱ्या दारुड्याच्या डोळ्यात लाकडी चमचा खुपसतो, त्याचा अभ्यास करणारा प्राध्यापक रिंगणाबाहेर पाऊल पडताच मरतो. हे व्यापाऱ्याचे काम नव्हे. पण मग सोंग व्यापाऱ्याचेच का? सैतानाला उमरावाचे सोंग का नको? पोलिश लोककथेत तेही आहे. वेंचित्सा गावच्या किल्ल्यात खजिना राखत बसलेला बोरुता नावाचा सैतान आहे आणि तो दाखवला जातो श्लाख्ताच्या थाटात : मिशा, अंगरखा, कंबरेला तलवार. म्हणजे ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ भरली, त्यांच्या गोष्टींत सैतान जमीनदाराचे कपडे घालून आला होता. लोकांनी ओळखले होते. शहरातल्या लिहिणाऱ्यांनी ते कपडे उतरवून नायकाला घातले आणि सैतानाच्या खांद्याला झोळी अडकवली.

याहून बोलका प्रसंग जोडकथेच्या मध्यावर आहे. मेलेल्या व्लोदिमिरला एक रात्र मौजमजा करू द्यायची, ही ओलगिएर्दची पहिली इच्छा. म्हणून त्याचे भूत गेराल्टच्या शरीरात शिरते आणि एका खेड्यातल्या लग्नाला जाते. नाच, दारू, डुकरे पकडण्याचा खेळ. फार गमतीचा भाग आहे, मीही खळखळून हसलो आहे. या गावाचे नाव गेममध्ये ब्रोनोवित्झ. हे नाव सहज ठेवलेले नाही. क्राकूव्ह शहराजवळच्या ब्रोनोवित्से गावात १९०० साली एका शहरी कवीचे शेतकरी मुलीशी लग्न झाले आणि त्यावरून स्तानिस्वाव्ह विस्प्यान्स्की यांनी 'वेसेले', म्हणजे 'लग्न', हे नाटक लिहिले. १९०१ साली ते रंगभूमीवर आले आणि आजही पोलंडमध्ये ते शाळेपासून शिकवतात. गेम लिहिणाऱ्यांना ते पाठ असणार.

त्या नाटकातही लग्नघरी भुते येतात. त्यातले एक भूत कुणाचे आहे? याकुब शेलाचे. १८४६ साली गॅलिशिया प्रांतात शेतकरी उठले, शेकडो वाडे लुटले-जाळले, सुमारे हजार उमराव आणि त्यांची माणसे मारली. त्या उठावाचा पुढारी शेला. स्वतः वेठीखालचा शेतकरी. तो नाटकात रक्ताने माखलेला येतो. शहरी सुशिक्षित आणि खेडूत एकमेकांच्या गळ्यात गळे घालून नाचत असताना हा येऊन उभा राहतो आणि पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा हिशेब अजून वाळलेला नाही हे दाखवतो. त्याच नाटकात ज्यू खानावळवालाही आहे. तो शेतकऱ्याकडे उधारी मागतो, शेतकरी त्याच्यावर खेकसतो. पण विस्प्यान्स्की तिथेच प्रेक्षकाला दाखवतात की खानावळ त्याने घेतली आहे ती गावच्या पाद्र्याकडून, आणि पाद्र्याला भाडे द्यायचे म्हणून तो वसुलीला निघाला आहे. गुत्ता कुणाच्या मालकीचा, याचे उत्तर १९०१ सालच्या नाटकात एका छोट्या प्रवेशात देऊन ठेवलेले आहे.

गेमने हे सगळे घेतले : गाव, लग्न, भूत. फक्त भूत बदलले. शेलाच्या जागी उमरावाचा रंगेल भाऊ आला. खेड्यातली माणसे त्याला नाचायला आणि हसायला मिळाली. त्याला कुणी काही विचारत नाही. मला या जोडकथेतले सगळ्यात मोठे कपट ओडिमचे वाटत नाही, ते या अदलाबदलीत आहे. मुद्दाम केले असेल असेही नाही. आपण कुणाची नातवंडे आहोत याची कल्पना करताना बहुतेक पोलिश माणूस डोळ्यापुढे वाडा आणतो, असे तिथलेच इतिहासकार गेली काही वर्षे सांगत आहेत, आणि हिशेब केला तर बहुतेक जण वेठकऱ्यांची नातवंडे निघतात. आदाम लेश्चिन्स्की यांचा पोलंडचा लोक-इतिहास २०२० मध्ये आला, कात्स्पेर पोब्वोत्स्की यांचे पुस्तक २०२१ मध्ये आले. पोब्वोत्स्कींनी पुस्तकाचे नावच 'खाम्स्त्वो' ठेवले, म्हणजे त्या शिवीवरून केलेले भाववाचक नाम. शिवी उचलून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावायची, ही रीत ज्यांना ओळखीची वाटेल ते ती ओळखतील.

आणि फँटसीत हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. रादेक राक या लेखकाने याच याकुब शेलावर सापांच्या राजांच्या आणि जादूच्या लोककथांत गुंफलेली कादंबरी लिहिली आणि तिला २०२० साली नाइके हा पोलंडमधला सर्वात मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. स्लाव्ह लोककथा तीच, जादू तीच, नायक मात्र वाड्याबाहेरचा.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईत टेबलाभोवती बसून फासे टाकत अशा मोहिमा खेळणारी मुले वाढली आहेत आणि त्यातली काही माझ्या ओळखीची आहेत. विचरच्या जगावर बेतलेला टेबलावरचा रोलप्लेइंग गेमही २०१८ पासून मिळतो, आणि त्यात व्यापारी हा खेळाडूने घेण्याचा पेशा आहे, ही चांगली गोष्ट. तुम्ही मोहीम चालवत असाल आणि तुम्हाला कपटी व्यापारी हवाच असेल, तर जरूर आणा. फक्त त्याला एक वही द्या आणि त्या वहीत दोन बाजू ठेवा. गावाकडून काय येणे आहे ते एकीकडे, वाड्याला आणि मठाला काय देणे आहे ते दुसरीकडे. खेळाडूंनी त्याला मारले की वही त्यांच्या हाती लागू द्या. पुढच्या आठवड्यात त्याच खानावळीत नवा मक्तेदार बसलेला दिसू द्या, तोच भाव, तीच उधारी. आणि एखाद्या खेळाडूने उमराव घेतला असेल तर त्याला सांगा की तुझ्या बापाच्या सहीने हा मक्ता दिला गेला आहे. बघा टेबलावर काय होते ते. एका मोहिमेत असे केल्यावर दोन तास फासे कुणी उचललेच नाहीत, वादच चालला.

कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर ४'ची पहिली झलक दाखवली. नायिका सिरी आहे, हे उत्तमच. झलकेत एक गाव आपल्या पोरीला राक्षसाला बळी म्हणून देते. सिरी राक्षसाला मारते आणि परत येऊन बघते तर गावकऱ्यांनीच पोरीला मारलेले असते. अडाणी, भेदरलेले, देवभोळे गावकरी. चिखल, अंधार, मेणबत्त्या, सगळे बारकाईने केलेले. तो चिखल ज्याच्या सातबाऱ्यावर आहे, तो सहा मिनिटांत एकदाही दिसत नाही.